स्पोर्ट्‌स बाइक घेताना आधी बसून बघा

सीवूड्सला राहायचं आणि शेजारी पाम बीच रोड. स्पोर्ट्‌स बाइकचा मोह होणारच. पण तिथे सिग्नल आहेत, वेगमर्यादा आहे. अटल सेतू आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद, म्हणजे लोणावळ्याला जुन्या महामार्गानेच जायचं. म्हणून सीसीचा आकडा नंतर, आधी बसून बघा. हँडल खाली असलं की पुढे वाकावं लागतं, अंगाचा भार मनगटांवर येतो आणि नेरूळच्या गर्दीत क्लच दाबून दाबून हात भरून येतो. पाय जमिनीला नीट टेकतात ना, तेही पाहा. १५५ सीसीची यामाहा आर१५ हलकी, वळणावर मस्त झुकते. ३७३ सीसीची केटीएम आरसी ३९० जोरदार; मात्र गर्दीत तिची धग मांड्यांना जाणवते. रोज ऑफिसला न्यायची असेल, तर मी आर१५च सुचवेन.