असोद्यातील मुक्काम

अजिंठ्यास जाण्यासाठी जळगावी उतरणारा प्रवासी स्थानकानजीकच्या लॉजमध्ये रात्र काढतो, पहाटेची मोटार धरतो आणि ज्या मुलुखातून तो लेण्यांकडे जातो, त्या मुलुखाचे अन्न व बोली त्यास अपरिचितच राहतात. अशा प्रवाशाने एक रात्र तरी शहरालगतच्या मौजे असोदे येथे, कोणा परिचिताच्या घरी मुक्कामास राहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आम्ही पौषात गेलो. घर धाब्याचे होते. जाडजूड मातीच्या भिंती, लाकडी खांब आणि वर पांढऱ्या मातीचा तो थर, जो वैशाखात उन्हाची आग आत येऊ देत नाही व थंडीत उबारा धरून ठेवतो. अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी, पांढरट झाक असलेली भरताची वांगी भाजली जात होती. साल काढून ती लाकडी भांड्यात मिरची-लसणासह ठेचली गेली, वर कांद्याची पात आली आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची, खरपूस भाकरी. जळगावच्या या वांग्यास भौगोलिक मानांकन लाभले आहे. तथापि त्याची खरी सनद त्या धुरकट वासातच आहे, असे मला वाटते.

वाढताना घरच्या आजी म्हणाल्या, “भाऊ, केयीचं पान नीट मांडा.” येथील लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, पश्चिमेस धुळ्याकडे जावे तो कानी अहिराणी पडू लागते. याच गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता रचलेल्या ओव्या पुत्र सोपानदेवांनी टिपून ठेवल्या नसत्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या नसत्या, तर ही बोली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडच राहिली असती. ती कविता मी पूर्वी कोशाच्या साह्याने वाचीत असे. त्या रात्री ती पंगतीत ऐकल्यासारखी उमगली.

निघताना आजींनी हातावर गूळ ठेवला व म्हणाल्या, “आखाजीले या, भाऊ.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा माहेरी येण्याचा, झाडांना झोके बांधण्याचा सण. एका रात्रीच्या पाहुण्यास त्यांनी ते आवतण दिले.