मुलगा अमेरिकेत असतो, पण कोणत्या व्हिसावर?

डिसेंबरातली बातमी एव्हाना शिळी झाली. एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा) व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाचा समाजमाध्यमांवरचा वावर १५ डिसेंबर २०२५पासून तपासायचा, असं अमेरिकेने ठरवलं. तपासायला वेळ हवा म्हणून भारतातल्या वकिलातींनी दिलेल्या मुलाखतींच्या तारखा मार्चवर आणि काहींच्या त्याहूनही पुढे ढकलल्या. वर दूतावासाने तंबी दिली, की जुन्या तारखेला आलात तर दारातूनच परत जाल. मग भारतात अडकलेल्या इंजिनिअरांच्या कहाण्या छापून आल्या. नोकरी टिकेल का, तिथल्या घराचं भाडं कोण भरणार, मुलांची शाळा. सगळं खरंच होतं. पण या बातम्यांत नव्याने लग्न झालेल्या बायकांचा एक मोठा गट ‘आणि त्यांचे कुटुंबीय’ एवढ्यावर उरकला गेला.

तुळशीचं लग्न लागलं की इकडे मुहूर्त निघतात, आणि थँक्सगिव्हिंग ते नाताळ या काळात तिकडच्या मुलांना रजा मिळते. दोन्ही जुळतं ते याच दिवसांत. लग्न, लगेच नगर निगमात नोंदणी, मुंबईला जाऊन व्हिसाचं स्टँपिंग आणि जोडीने विमान, असा बेत गेली कित्येक वर्षं शेकडो घरांत पार पडत आला. त्या डिसेंबरात तो स्टँपिंगपाशी अडला. ज्यांच्या पासपोर्टवर आधीचा शिक्का चालू होता ते नवरे एकटे परतले. नव्या सुनांची पहिली संक्रांत हलव्याचे दागिने घालून, पण माहेरी, आणि नवरा व्हिडिओ कॉलवर.

भोपाळच्या सोनागिरीत असे हिशोब तोंडपाठ असणारी माणसं भेटतात. पिपलानी-इंद्रपुरीच्या शेजारची ही वस्ती भेल कारखान्याच्या आधाराने वाढली. वडील कारखान्यात, मुलगा किंवा जावई परदेशात, हा इथला नेहमीचा क्रम. मध्य प्रदेश अमेरिकेच्या मुंबई वकिलातीच्या कक्षेत येतो, त्यामुळे रात्रभर पंजाब मेल आणि सकाळी वांद्रे-कुर्ला संकुल हा प्रवासही पाठ. तरीही स्थळ बघताना प्रश्न ठरलेले. पॅकेज किती, घर घेतलंय का, कोणत्या शहरात. व्हिसा कोणता, हे फार तर कुणीतरी काका शेवटी विचारतात, आणि ‘ग्रीन कार्ड आहे हो त्याचं’ असं उत्तर आलं की समाधानाने चहा पितात. माझं म्हणणं असं, की त्या उत्तरावर चहाचा कप खाली ठेवायला हवा.

लग्न तेच, मुहूर्त तोच, फक्त मुलाची कागदोपत्री स्थिती वेगळी, असे तीन जावई धरू. पहिला अमेरिकेचा नागरिक. त्याची बायको कायद्याने ‘निकटची नातेवाईक’. तिच्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही, रांग फक्त कचेरीतल्या कामाची. आय-१३० अर्ज, मग राष्ट्रीय व्हिसा केंद्र, नवऱ्याच्या उत्पन्नाचं हमीपत्र (दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के), पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, मुलाखत. एक-दीड वर्ष सहज जातं. दुसरा एच-१बीवरचा नोकरदार. त्याची बायको एच-४ मागते. डिसेंबरचा गोंधळ सोडला तर तिचं काम आठवड्यांचं. नव्या एच-१बी अर्जांवर २०२५च्या सप्टेंबरात लावलेल्या, गाजलेल्या एक लाख डॉलर शुल्काचा एच-४शी काही संबंध नाही. त्या दिवसांत घाबरून मोडायला निघालेल्या सोयरिकींना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तिसरा ग्रीन कार्डधारक. म्हणजे तिथे कायमचा राहणारा, चहा पिऊन पसंत केलेला. त्याच्या बायकोचं नाव जातं एफ-२ए नावाच्या वर्गात. या वर्गाला वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा, तेही जगभरच्या ग्रीन कार्डधारकांच्या बायका, नवरे आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं मिळून. मागणी जास्त, म्हणून रांग. दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये एक तारीख छापलेली असते. तुमचा अर्ज त्या तारखेआधीचा असेल तर पुढे सरका, नाहीतर पुढच्या महिन्याची वाट बघा. जुलै २०१९ ते मार्च २०२३ ही रांगच नव्हती. त्या काळात लग्न झालेल्या मुली भराभर गेल्या, आणि त्यांच्याकडे बघून ‘काही लागत नाही वेळ’ असं म्हणायची पद्धत पडली. एप्रिल २०२३मध्ये रांग परत लागली. आता अडीच-तीन वर्षं धरून चालावं लागतं.

मध्यंतरी भेटायला तरी जावं, तर तेही अवघड. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडेच राहायला निघालाय, असं अमेरिकेचा कायदा आधीच गृहीत धरतो. तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. जिच्या नावाने कायम वास्तव्याचा अर्ज पडून आहे ती हे काय पटवणार? एच-१बी आणि एच-४ या गृहीतकातून वगळलेले आहेत. म्हणजे तात्पुरत्या कामगाराची बायको पुढच्या महिन्यात विमानात, आणि कायमच्या रहिवाशाची तीन वर्षं अंगणात. हा उफराटा प्रकार अमेरिकेच्या काँग्रेसच्याही लक्षात आला होता. २०००च्या डिसेंबरात त्यांनी ‘व्ही’ नावाचा व्हिसा काढला. अशा ताटकळलेल्या जोडीदारांनी अमेरिकेत येऊन तिथेच वाट बघावी, अशी त्याची कल्पना. मात्र २१ डिसेंबर २०००पर्यंत अर्ज केलेल्यांनाच तो लागू ठेवला. व्हिसा कायद्याच्या पुस्तकात अजून आहे, घेणारं कुणी उरलं नाही.

यातली खरी खुबी तिथले मराठी लोक जाणतात आणि इकडचे आईवडील जाणत नाहीत. ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालं असेल तर बायको नवऱ्याच्याच अर्जाला जोडली जाते. त्याची जी तारीख तीच तिची, वेगळी रांग नाही. लग्न ग्रीन कार्डानंतर झालं की सरळ एफ-२ए. काही आठवड्यांच्या फरकाने तीन वर्षं. नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्ड मिळायला भारतीयांना दहा-दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त लागतात, त्यामुळे पस्तिशीच्या मुलाचं कार्ड आणि लग्न एकाच वर्षात येणं काही दुर्मिळ नाही. ‘कार्ड येऊ दे, मग थाटात करू’ म्हणणाऱ्या घरांना हे कळेपर्यंत हॉल बुक झालेला असतो. गुण, नाडी, मंगळ बघून झाले की मुलाच्या व्हिसाचीही पत्रिका मांडा. तिच्यातले ग्रह निदान दर महिन्याला सरकारी संकेतस्थळावर छापून येतात.

परदेशातल्या जोडीदाराकडे जाणं हे आज सरकारच्या मेहेरबानीवर आहे, हे आपण इतकं गिळलंय की आधी असं नव्हतं हेही विसरलो. भोपाळचा कारखाना १९५६मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने उभा राहू लागला तो ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक मदतीने, आणि इथले तरुण इंजिनिअर प्रशिक्षणाला विलायतेत जात. तेव्हा राष्ट्रकुलाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये शिरायला व्हिसाच लागत नसे. बायकोला न्यायचं तर अडचण आपल्याकडची: पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर, आणि परकीय चलनाची चणचण. १९६२च्या कायद्याने ब्रिटनचं दार अर्धं लोटलं, १९६९पासून बायकांना निघण्याआधी प्रवेशपत्र घेणं सक्तीचं झालं. ठरलेल्या नवऱ्याशी तिथे जाऊन लग्न करणाऱ्या मुलींना मात्र ते लागत नव्हतं. त्यातून संशय सुरू झाला, की बायकाच वाग्दत्त वधू म्हणून रांग चुकवतायत. १९७९च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली ती याच संशयापोटी. ‘गार्डियन’ने ते छापल्यावर गदारोळ झाला. दिल्ली आणि मुंबईतल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही असे प्रकार झाले होते, हे पुढे त्यांच्याच सरकारी कागदांतून उघड झालं. आज ब्रिटनचा प्रश्न पैशाचा आहे. तिथल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला २९ हजार पौंड हवं. एप्रिल २०२४पर्यंत हा आकडा १८,६०० होता.

अमेरिकेत या विषयावरचा एक जुना निकालही एका बायकोच्या खटल्यातला आहे. एलेन नॉफ ही जर्मनीत जन्मलेली बाई. महायुद्धानंतर तिथे अमेरिकन लष्कराच्या सेवेत असलेल्या एका अमेरिकन नागरिकाशी तिने लग्न केलं आणि १९४८मध्ये न्यूयॉर्कला आली. तिला एलिस बेटावर अडकवून ठेवलं. कारण गुप्त, सुनावणी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५०मध्ये सरकारची बाजू घेतली: देशात कुणाला घ्यायचं हा सरकारचा अधिकार, न्यायालय त्यात पडणार नाही. वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, शेवटी प्रकरण उघडं झालं, आरोपांत दम नव्हता असं दिसलं आणि १९५१मध्ये बाई आत आली. तिची सुटका झाली, पण तिच्या नावावरचा निकाल राहिला आणि तो आजतागायत वापरला जातो.

अगदी अलीकडे वापरला गेला २१ जून २०२४ला. सँड्रा मुन्योझ ही अमेरिकन नागरिक, पेशाने वकील. नवरा एल साल्वाडोरचा, लग्न २०१०चं. तो व्हिसाच्या मुलाखतीसाठी मायदेशी गेला आणि २०१५मध्ये त्याला नकार मिळाला. कारण म्हणून कायद्यातलं एक कलम सांगितलं, तपशील नाही. पुष्कळ नंतर कळलं, की अंगावरच्या गोंदणामुळे तो टोळीतला आहे असा अधिकाऱ्याचा समज होता. नवरा-बायकोचं म्हणणं, तो कधी कुठल्या टोळीत नव्हता. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलेला निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला: परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकालाही नाही. मी हे लांबवलं, कारण आपल्याकडे ‘जावई सिटिझन आहे’ हे वाक्य सगळ्या शंकांवरचा उतारा म्हणून म्हटलं जातं. नागरिकाच्या बायकोसाठी रांग छोटी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नकार आला तर दाद मागायची खिडकी तिच्यासाठीही जवळजवळ बंदच.

आपल्या सरकारने या लग्नांकडे बघितलं ते टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारींतून. त्या प्रयत्नाचा एक धागा भोपाळहून तासाभरावरच्या विदिशात आहे. तिथल्या खासदार आणि तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ११ फेब्रुवारी २०१९ला राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचं विधेयक मांडलं. तीस दिवसांत नोंदणी, नाहीतर पासपोर्ट जप्त होऊ शकतो, असा त्याचा रोख. त्याच ऑगस्टमध्ये त्या गेल्या, विधेयकाचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने २८७व्या अहवालात नोंदणीची सक्ती पुन्हा सुचवली, शिवाय नवरा-बायकोचे पासपोर्ट एकमेकांना जोडावेत असंही म्हटलं. सूचना चांगली आहे. पण फसवणूक झालेल्यांइतकाच प्रामाणिकपणे ताटकळलेल्यांचाही विचार कुठल्याशा कागदावर यावा.

तोवर कागद आपले आपण सांभाळायचे. आपल्या पासपोर्टला लग्नाचा दाखला २०१६च्या अखेरीपासून लागत नाही, त्यामुळे नोंदणी मागे पडते आणि व्हिसाच्या वेळी धावपळ होते. त्याहून मोठा घोळ नावांचा. भोपाळमध्ये शिकलेल्या मराठी मुलीच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव आणि आडनाव, पुण्याच्या नवऱ्याच्या कागदांवर तिन्ही नावं. मध्य प्रदेशच्या समग्र आयडीवर हिंदी वळणाचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर नावच नाही, फक्त ‘बेबी ऑफ’. त्यात लग्नानंतर कुणी हौसेने नाव बदलून टाकतं. व्हिसासाठी नाव बदलायची सक्ती अमेरिका करत नाही. बदलायचं तर सगळीकडे एकदम, नाहीतर मुलगी तिकडे पोचेपर्यंत माहेरचं नाव खुशाल राहू द्या. आता तर इन्स्टाग्रामचं खातंही खुलं ठेवायला सांगतात, म्हणजे मेंदीची रील आणि करवलीने केलेली टिंगल दोन्ही वकिलातीत बघितली जाणार.

आणि प्रत्येक लांब राहणारी बायको रांगेमुळेच लांब आहे असंही नाही. एच-४वर गेलेल्या बाईला नोकरी करता येत नाही. मे २०१५पासून एक सवलत आहे: नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तर तिला कामाचा परवाना मागता येतो. ही सवलत रद्द करा म्हणणाऱ्यांची याचिका ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये नकार दिला, तेव्हा सुटकेचा नि:श्वास टाकला गेला. पण त्याच महिन्याच्या ३० तारखेपासून परवान्याची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. नूतनीकरणाचा निर्णय वेळेत आला नाही, तर चालू नोकरी थांबवून घरी बसायचं. भोपाळमध्ये बँकेत किंवा कॉलेजात पक्की नोकरी असलेल्या मुलीने हे गणित मांडलं, तर एच-४ची तारीख मिळूनही ती लगेच निघेलच असं नाही. आय-१४० मंजूर होईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, असं काही घरांत आता आयाच सांगू लागल्या आहेत.