कात्रणाला तारीख हवी

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात वाशिम शोधायला बसले, की पहिल्या फेरीत हाती फारसे काही लागत नाही. आज आपण हे नाव इंग्रजीत जसे लिहितो, तसे ते त्या पानांवर क्वचितच असते. इंग्रज अमलातल्या कारकुनांनी, तारवाल्यांनी आणि बातमीदारांनी या गावाला ‘बासिम’ म्हटले. शोधाच्या चौकटीत हे नाव घातले, की मग पाने उघडू लागतात. पीकपाण्याचे अहवाल, अधिकाऱ्यांच्या बदल्या, दुष्काळाच्या बातम्या अशा ठिकाणी हे नाव डोके वर काढते.

नाव सापडले म्हणजे काम संपले, असेही नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढे बासिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. बासिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. कारंजा त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यात मोडायचे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांतली वाशिमची बातमी शोधायची, तर ती अकोल्याच्या मथळ्याखाली शोधावी लागते. ज्याला हे ठाऊक आहे, त्यालाच ती सापडते.

अशी शोधाशोध आज बरेचदा जी माणसे करतात, त्यांना तिचा पगार मिळत नाही. ती विकिपीडियाची स्वयंसेवी संपादक आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तेव्हापासून शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, संगणक अभियंते असे कितीतरी लोक रात्रीची जेवणे आटोपून त्यात भर घालत आले आहेत. कुणी आपल्या गावाचा लेख लिहितो, कुणी दुसऱ्याच्या लेखातले शुद्धलेखन दुरुस्त करतो, कुणी फक्त खोडसाळ बदल पुसत बसतो. नवख्याने आधी ‘धूळपाटी’वर हात बसवावा, मग लेखाला हात लावावा, अशी तिथली रीत.

या सगळ्या कामाचा कणा म्हणजे दोन शब्द: ‘संदर्भ हवा’. लेखातल्या एखाद्या विधानापुढे ही खूण लागली, की लिहिणाऱ्याला सांगावे लागते, हे तुम्हाला कुठून कळले? “आमच्या आजोबांनी सांगितले” हे उत्तर तिथे चालत नाही. “गावात सगळ्यांना माहीत आहे” हेही नाही. छापलेले, तपासता येईल असे काहीतरी दाखवावे लागते.

वाशिमच्या प्राचीन काळाला ही अडचण फारशी जाणवत नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे, वत्सगुल्मात होती. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला सापडला आणि वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी त्यावर लिहून ठेवले. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या हस्तलिखितांवरून हिरालाल जैन यांनी अपभ्रंश काव्ये संपादित केली, तीही छापून झाली आहेत. राजे, ताम्रपट, पोथ्या यांना ग्रंथ मिळाले. पण गावातली पहिली मुलींची शाळा केव्हा निघाली, दुष्काळात अन्नछत्र कुणी चालवले, जिनिंग कारखाना केव्हा उभा राहिला, एखाद्या साली नदीला पूर आला तेव्हा काय झाले, या गोष्टींसाठी ग्रंथ नसतो. त्यांची नोंद झालीच असेल, तर ती त्या त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात झाली असेल.

म्हणून २०१२ च्या सुमारास आकाराला आलेली ‘विकिपीडिया लायब्ररी’ ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. जुन्या वर्तमानपत्रांचे आणि संशोधनपत्रिकांचे मोठे डिजिटल संग्रह बहुधा वर्गणी घेऊनच पाहायला मिळतात. विद्यापीठांना ती वर्गणी परवडते, तालुक्याच्या गावी बसलेल्या माणसाला नाही. या लायब्ररीने अशा संग्रहांच्या मालकांशी बोलणी केली आणि नियमित संपादकांसाठी ती दारे विनामूल्य उघडून घेतली. अट पैशाची नाही, कामाची आहे. खाते किमान सहा महिने जुने हवे, विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांत मिळून ५०० संपादने हवीत, गेल्या महिन्याभरात किमान १० हवीत आणि खात्यावर बंदी नसावी. मराठीत केलेली संपादनेही त्यात तेवढ्याच मानाने मोजली जातात. एवढे झाले, की बरेचसे संग्रह थेट उघडतात. काहींच्या जागा मोजक्या असतात, तिथे अर्ज करून वाट पाहावी लागते.

न्यूजपेपर्स डॉट कॉम या अमेरिकी संग्रहाची एक सोय संपादकांना विशेष उपयोगी पडते. पानावरच्या हव्या त्या बातमीभोवती चौकट आखली, की तिचे कात्रण तयार होते. त्या कात्रणाचा दुवा लेखाच्या तळाशी दिला, की वर्गणी नसलेल्या वाचकालाही ते पाहता येते. कात्रणासोबत वर्तमानपत्राचे नाव, गाव, तारीख आणि पानाचा आकडा आपोआप चिकटून येतो. संदर्भाला लागते ते सारे त्यात असते.

यावरून आपल्याकडची कात्रणवही आठवते. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत, विशेषतः मास्तरांच्या घरी, ती असायची. जुन्या हिशेबाच्या वहीत खळीने चिकटवलेल्या बातम्या, पिवळ्या पडलेल्या, कडा झिजलेल्या. गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव, कुणाचा सत्कार, कुणाचे निधन. जीव लावून जपलेला ठेवा. पण बहुतेक कात्रणांवर तारीख नसते आणि वर्तमानपत्राचे नावही नसते, कारण कापताना मथळा आणि मजकूर तेवढाच कापलेला असतो. अशा वेळी जाणकार माणूस कात्रणाची मागची बाजू पाहतो. तिथे एखाद्या सिनेमाची जाहिरात, सरकीचा भाव, परीक्षेचा निकाल असे अर्धे तुटलेले काही मिळाले, तर त्यावरून सालाचा अंदाज बांधता येतो. कात्रण वहीत खळीने घट्ट चिकटवलेले असेल, तर तीही वाट बंद.

डिजिटल संग्रहात वऱ्हाड कसे दिसते? आधी दिसतो तो कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाकडे विलायतेचे डोळे लागले. अमरावतीच्या इंग्रजी नावावरून इथल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह हा संग्रह ब्रिटिश लायब्ररीतल्या वर्तमानपत्रांतून उभा राहिला आणि २०११ मध्ये लोकांसाठी खुला झाला. त्यातली लँकेशायरकडची पत्रे चाळताना बाजारभावाच्या स्तंभात हे नाव शोधावे. मग दिसतो दुष्काळ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड पोळले. त्या वेळच्या तारा पार ऑस्ट्रेलियापर्यंत पोचत होत्या. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ हा संग्रह २००९ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. त्याला खातेही लागत नाही आणि यंत्राने चुकीची वाचलेली ओळ कोणीही वाचक दुरुस्त करू शकतो. न्यूझीलंडचा ‘पेपर्स पास्ट’ही असाच मोफत.

या पानांवर भाव मिळतो, पावसाचे इंच मिळतात, मदतनिधीचे आकडे मिळतात. माणसे मात्र मिळत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचे नाव नाही, अन्नछत्राच्या रांगेत उभ्या बाईचे नाव नाही, शाळा काढणाऱ्या मास्तरांचेही नाव बहुधा नाही. परक्याने लांबून पाहिलेला मुलूख आहे तो. चांगला संपादक म्हणूनच अशी बातमी जशीच्या तशी उचलत नाही. कोण लिहितो आहे, कुणासाठी लिहितो आहे, हे पाहून घेतो.

माणसांची नावे होती मराठी पत्रांत. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. पुण्यातून १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’, १८७७ मध्ये ‘दीनबंधु’, १८८१ मध्ये ‘केसरी’. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’. ही ठळक नावे सर्वांना पाठ असतात. पण वऱ्हाडही गप्प बसलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकातच अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघत होते, अमरावतीहून ‘प्रमोदसिंधु’. पुढे यवतमाळला बापूजी अण्यांचे ‘लोकमत’, अकोल्याला ब्रिजलाल बियाणींचे ‘मातृभूमि’. वाशिमच्या, कारंज्याच्या, रिसोडच्या सभा-समारंभांच्या, तंट्या-बखेड्यांच्या, देणग्यांच्या बातम्या यायच्या, त्या अशा पत्रांत.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपात छापले, म्हणून आज कोणालाही त्यांचा संदर्भ पान दाखवून देता येतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपला जुना ठेवा संगणकावर आणायला घेतला. पुण्यात भारत सेवक समाजाच्या ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ साप्ताहिकाचे अंक गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने डिजिटल रूपात ठेवले आहेत. ही कामे मोलाची आहेत. पण जिल्ह्याच्या गावच्या साप्ताहिकापर्यंत हात पोचायला अजून फार अवकाश आहे.

आणि पान स्कॅन झाले, तरी ते वाचता येण्याजोगे होतेच असे नाही. चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे यंत्र देवनागरीत अजून अडखळते. जुना खिळा झिजलेला, शाई फुटलेली, कागदाच्या मागचे पुढे उमटलेले. त्यात जुने शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पानांवर ‘गांव’ आहे, ‘नांव’ आहे, ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ आहे. तुम्ही ‘गावात’ असा शोध घ्याल, तर ‘गांवांत’ तुमच्या हाती लागणार नाही. वाशिम की वाशीम, हा ऱ्हस्वदीर्घाचा फरकही यंत्राला दोन वेगळी गावे वाटतो. आणि खुद्द ‘वऱ्हाड’! त्यातले ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण साधे शोधयंत्र त्यांना वेगवेगळे शब्द समजते. मुरलेला संपादक ही सगळी रूपे कागदावर लिहून घेतो आणि एकेक करून तपासतो.

यंत्राचे हे अडखळणे माणसेच सावरतात. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने एका बाजूला आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून स्वयंसेवक अक्षरन् अक्षर ताडून पाहतात. तपासायचे पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा पाहिले की हिरवे. हीच रीत वर्तमानपत्रालाही लावता येईल. कायद्याचीही फारशी आडकाठी नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे निनावी मजकुराचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो आणि बातम्या बहुतेक निनावीच असतात. नावानिशी छापलेल्या लेखाला मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे मोजावी लागतात.

संदर्भ गोळा करून ज्ञान मांडण्याची वाट मराठी कोशकारांना नवी नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीला झाले आणि ज्ञानकोशाचे काम त्यांनी आधी नागपुरात मांडले, मग पुण्याला नेले. वर्गणीदार गोळा करत २३ खंड पुरे केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभा केला. दोन्ही कामे आज संगणकावर मोफत वाचता येतात. त्यांच्यामागे मंडळ होते, कचेरी होती, संदर्भग्रंथांची कपाटे होती. आजच्या स्वयंसेवकाजवळ यातले काहीच नाही. संग्रहाचे दार उघडले, तरच त्याचे कपाट भरते.

परदेशातली दारे उघडली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण वाशिमचा माणूस वाशिमच्या लेखात यायचा असेल, तर आपल्याकडची कपाटे उघडली पाहिजेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात गावोगावी मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांतल्या जुन्या वाचनालयांत माळ्यावर, जिन्याखाली सुतळीने बांधलेले अंकांचे गठ्ठे असतील, तर ते रद्दीच्या काट्यावर जाण्याआधी एकदा सोडून पाहावेत. कोणत्या पत्राचे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे अंक आहेत, एवढी यादी केली तरी निम्मे काम झाले. स्कॅनिंग पुढच्या वर्षी होईल. यादी आज होऊ शकते.

आणि घरी कात्रणवही असेल, तर तीही काढा. ज्यांनी ती चिकटवली ते हयात असतील, तर शेजारी बसून विचारा, दादा, हे कोणत्या पेपरातले, कोणत्या सालचे? आठवेल तेवढे पेन्सिलने कडेला लिहून घ्या. तो अंदाजच असेल, पण त्यावरून मूळ अंक शोधता येतो. उद्याच्या पेपरातून गावची बातमी कापाल, तेव्हा कात्री लावण्याआधी समासात पेपराचे नाव, तारीख आणि पान लिहा. पन्नास वर्षांनी कोणी अनोळखी संपादक वाशिमचा लेख लिहीत असेल, ‘संदर्भ हवा’ या खुणेपुढे अडून बसला असेल, तेव्हा तुमच्या हातची ती एक ओळ त्याला पुढे नेईल.