पोस्टग्रेसच्या उत्तरातले शब्द

क्वेरी का रेंगाळते हे पोस्टग्रेस या डेटाबेसला विचारायचं असेल, तर तिच्याआधी 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइज' लिहायचं. पूर्वी त्या उत्तराच्या शेवटी 'टोटल रनटाइम' अशी ओळ यायची. वाचणाऱ्याला वाटे, लागलेला सगळा वेळ हाच. पण क्वेरी कशी चालवायची हे ठरवण्यात, म्हणजे प्लॅनिंगमध्ये, गेलेला वेळ त्यात धरलेलाच नसे. 2014 मध्ये 9.4 या आवृत्तीत तो वेगळा छापायला सुरुवात झाली आणि 'टोटल'ची चूक उघडी पडली. 'टोटल रनटाइम'च्या आकड्यालाच 'एक्झिक्यूशन टाइम' म्हणू लागले.

चालू क्वेरी दाखवणाऱ्या तक्त्यात 'वेटिंग' नावाचा हो-नाही रकाना होता. तो फक्त टेबल किंवा ओळीवरच्या मोठ्या लॉकबद्दल बोले. सर्व्हरच्या आतल्या लहान लॉकवर प्रक्रिया अडकलेली असली, तरी उत्तर 'नाही'च. रात्री अडलेला सर्व्हर सोडवणाऱ्याची अशा रकान्याने दिशाभूलच व्हायची. 2016 च्या 9.6 मध्ये तो काढला आणि कशासाठी थांबलंय हे नावानिशी सांगणारे दोन रकाने आले. देखरेखीच्या कित्येक स्क्रिप्ट दुरुस्त कराव्या लागल्या. तरी हा बदल व्हायलाच हवा होता.

सगळ्यात महाग पडलेलं नाव मात्र एका फोल्डरचं: 'पीजी_एक्सलॉग'. डिस्क भरली की नावातला 'लॉग' पाहून काही जण त्यातल्या फाइली बिनमहत्त्वाच्या नोंदी समजून पुसून टाकत. प्रत्यक्षात प्रत्येक बदल आधी तिथे लिहिला जातो आणि सर्व्हर कोसळला तर त्यावरूनच डेटा सावरता येतो. त्या पुसल्या की डेटा कायमचा जाई. 2017 मध्ये आवृत्ती 10 ने त्याचं 'पीजी_वॉल' केलं, 'पीजी_क्लॉग' या दुसऱ्या फोल्डरचं 'पीजी_एक्सॅक्ट' केलं, आणि लोक चुकून फाइली पुसतात हेच कारण प्रकाशन-टिपणात दिलं. वापरणाऱ्याला दोष न देता नाव बदललं, याचं मला फार मोल वाटतं.

'एक्सप्लेन अ‍ॅनलाइज'च्या उत्तरातल्या ओळींच्या आकड्याचं काम मात्र अर्धवट आहे. 'अ‍ॅक्च्युअल' म्हणून छापला जाणारा हा आकडा दर फेरीची सरासरी असतो. 1000 फेऱ्यांत 400 ओळी मिळाल्या, तर पूर्वी तिथे चक्क 0 दिसे. 2025 च्या आवृत्ती 18 पासून 0.40 दिसतं. एकूण आकडा हवा असेल तर शेजारच्या 'लूप्स'ने गुणायचं, हे अजूनही आधी ठाऊक असावं लागतं. 'अ‍ॅक्च्युअल'च्या जागी सरासरी सुचवणारा शब्द आला, तर नव्याने शिकणाऱ्यांचे कितीतरी तास वाचतील.