शरीराचे माप कोणाचे?

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतो. उंची १६५ सेंटिमीटरच्या वर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४. म्हणजे तो नियमात बसतो. १६०० मीटर धावतोही चांगला. तरी परवा म्हणाला, "सर, माझी बॉडी काहीच नाही." मोबाइलवर दिसणाऱ्या पिळदार देहांशी तो स्वतःला ताडून पाहतो, आणि घरून आलेल्या पैशांतून प्रोटीन पावडरचा डबा आणतो. भरतीने त्याला नाकारलेले नाही. त्यानेच स्वतःला नाकारले आहे.

मंडणगडच्या माणसांना तरी या नकाराचा इतिहास ठाऊक असला पाहिजे. याच तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी लष्करात सुभेदार होते. अशी कितीतरी घरे कोकणात होती. पण १८९२च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५–९३) 'लढाऊ जमातीं'चा सिद्धान्त बळावला होता. काही जाती जन्मतःच शूर, बाकीच्या लष्कराला निरुपयोगी, असे हे शास्त्र! काल बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आज अपात्र ठरला. त्याची हाडे बदलली होती काय? लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. दाद लागली नाही. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली; गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट निघाली. माणसे तीच होती. माप मात्र मापणाऱ्याच्या सोयीने बदलत होते.

आजचे माप बाजाराच्या हाती आहे. जातीने आपल्या देहाला अपवित्र म्हटले, बाजार त्याला अपुरा म्हणतो. हे माप कधीच पुरे होत नाही. पुरे झाले तर डबे खपणार कसे?

मग व्यायाम सोडायचा काय? मुळीच नाही. देहाचा स्वीकार म्हणजे नशिबाला शरण जाणे नव्हे. धावावे, डाळ-अंडी-मासळी पोटभर खावी, रक्तातली साखर तपासून घ्यावी. परंतु आरोग्याचे माप वेगळे आणि माणसाच्या किमतीचे माप वेगळे. बाबासाहेबांचे शरीर अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते. त्याच शरीराने १९५६ मध्ये नागपूरला लाखो माणसांना धम्मदीक्षा दिली. त्या देहाला अपुरा म्हणण्याची कोणाची छाती आहे?

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे वर्गात, वस्तीत, भरतीच्या मैदानावर बोलले पाहिजे. पोरांना धावायला जरूर शिकवू या. पण स्वतःच्या देहाची लाज वाटून कोणी धावू नये, एवढे तरी आपण पाहू या.