सेल्युलाइटची तीव्रता कशी मोजतात?

रायपूरच्या सदर बाजारातील सराफी पेढ्यांवर कसोटीवाचून सोन्याचा व्यवहार होत नाही. मांड्या व नितंबांवरील खळगे घालविण्याचा दावा करणाऱ्या उपचारांनाही तशीच कसोटी लावता येते.

जर्मनीतील न्यूर्नबर्गर व म्युलर यांनी १९७८ मध्ये सेल्युलाइटच्या ० ते ३ अशा श्रेणी मांडल्या. त्वचा चिमटीत धरल्यावरच खळगे दिसल्यास पहिली, उभे राहिल्यावर दिसल्यास दुसरी आणि आडवे झाल्यावरही कायम राहिल्यास तिसरी श्रेणी मानली जाते.

२००९ मध्ये ब्राझीलच्या त्वचारोगतज्ज्ञ डोरिस हेक्सेल व सहकाऱ्यांनी खळग्यांची संख्या, खोली, त्वचेचे रूप, सैलपणा व जुनी श्रेणी हे पाच निकष घेतले. प्रत्येकास ० ते ३ गुण असतात. एकूण १ ते ५ गुण सौम्य, ६ ते १० मध्यम, तर ११ ते १५ तीव्र अवस्था दर्शवितात.

सेल्युलाइट हा आजार नव्हे. बहुतांश प्रौढ स्त्रियांत, सडपातळ स्त्रियांतही, तो आढळतो. सेल्युलायटिस हा जंतुसंसर्ग मात्र वेगळा असून लाली, वेदना व ताप असल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.

उपचारापूर्वीचे व नंतरचे गुण एकाच स्थितीत, एकाच प्रकाशात नोंदविले असतील, तरच तुलना विश्वसनीय ठरते.