काकांची दुनळी आणि नाक्यावरचा एक तास

२०२३ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेश विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आमच्या ग्वाल्हेरात नेहमीचं काम निघालं: घरची परवान्याची बंदूक थान्यात जमा करायची. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. पण ग्वाल्हेर-चंबळकडे बंदूक म्हणजे घराची अब्रू. शेजारच्या शिवपुरीत तर २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देऊ केला होता, यावरून काय ते समजा!

लष्करातल्या आमच्या घरी पणजोबांच्या वेळची बारा बोरची दुनळी आहे. परवाना काकांच्या नावावर. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, एरवी ती कपाटात पडून असते. त्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "तूच देऊन ये रे. पुस्तिका खोळीतच आहे." मीही फार विचार केला नाही. बंदूक डिक्कीत टाकली आणि निघालो.

वाटेत निवडणुकीचा नाका. बॅरिकेड, पोलीस, आणि सगळं टिपणारा एक कॅमेरावाला.

"डिक्की में क्या है?"

"कुछ नहीं, थोड़ा सामान है," मी बोलून गेलो. का, ते आजही सांगता येत नाही. कॅमेरा बघून जीभच वळली तशी. डिक्की उघडली, खोळ दिसली आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. मला गाडीपासून लांब उभं केलं. एकाने बंदूक उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. दुसऱ्याने पुस्तिका उघडली. त्यात काकांचा फोटो.

"ये आप हैं?"

तिथे माझे पाय लटपटले. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १९ मी नंतर वाचलं. शस्त्र बाळगणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता द्यायला नकार दिला किंवा तो खोटा वाटला, तर वॉरंटशिवाय अटक. आणि परवाना घराण्याचा नसतो, माणसाचा असतो. दुसऱ्याने ती बंदूक न्यायची तर परवानाधारक सोबत हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी, आणि कामही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा त्याच्या स्वतःच्या वापराचं असायला हवं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. वर खोटं बोललो होतो.

मग मात्र सगळं खरं सांगितलं. त्यांनी काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका अंथरुणातूनच "साहेब, चूक माझी" म्हणत राहिले. काकू ऑपरेशनचे कागद घेऊन ऑटोने आल्या. साहेब त्यांच्याशी अदबीनं बोलले, मला मात्र सुनावलं, "मालिक बिस्तर पर हैं तो थाने को खबर करते. आपको किसने कहा उठाकर चल दो?"

गुन्हा दाखल झाला नाही, व्हायला हरकत काहीच नव्हती. बंदूक पंचनामा करून तिथेच ताब्यात घेतली. काकांना लेखी खुलासा द्यावा लागला आणि तो कागद आता त्यांच्या परवान्याच्या फाइलीत आहे. पुढे बंदूक माझ्या नावावर करायचा अर्ज गेला की तो कागद कोणीतरी वाचणारच.

तुमच्यापैकी कितीजण आजोबांची बंदूक गाडीत टाकून शेतावर जात असतील, मला ठाऊक आहे. निघण्याआधी पुस्तिकेतलं नाव बघा, आणि क्षेत्रही. 'केवळ मध्य प्रदेश' लिहिलं असेल तर दतिया ओलांडून झाशीत शिरलात की तो परवाना चालत नाही. आणि नाक्यावर विचारलं तर पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

त्या खंडेनवमीला दुनळीच्या जागी काकूंनी विळी मांडली. काका पलंगावरून बघत होते. म्हणाले, "हिला तरी परवाना लागत नाही."